कोरडा शिक्का

"सावली कुठंय?"

फळ्यावर चिकटवलेल्या फोटोवर बाईंनी पट्टी आपटली.

"डावीकडे!" खिडकीकडची पोरं ओरडली.

"उजवीकडे!" दाराकडची पोरं ओरडली.

मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि आठवीचा तो वर्ग असा काही उसळला की शेजारच्या वर्गातून गणिताच्या सरांनी भिंतीवर डस्टर हाणलं.

"दोन सावल्या! बाई, एका बाईला दोन सावल्या!"

फोटो तसा झकास होता. पोहण्याचा तलाव, काठावर उंच मनोरा, मनोऱ्यातून पुढे आलेली फळी, आणि फळी सोडून हवेत झेपावलेली एक बाई. डोकं खाली, हात पुढे, पाय जुळलेले. अंगात कामाचा निळा गणवेश. अंगाने भरलेली, म्हणजे चांगलीच भरलेली. चेहरा दंडांच्या आड गेलेला. आणि काठाच्या पांढऱ्या फरशीवर मनोऱ्याची एक सावली इकडे, एक तिकडे. बाईचीही एक इकडे, एक तिकडे.

"सूर्य किती?"

"एऽऽक!"

"मग सावल्या किती हव्यात?"

"एऽऽक!"

"मग हा फोटो?"

"बनाऽऽवट!"

"थांबा, थांबा, मला मुद्दे मांडायचेत." मधल्या बाकावरचा वकील उठला. त्याला वकील म्हणायचे, कारण घरी मार खाताना सुद्धा हा पोरगा आईपुढे मुद्दे मांडायचा. "पहिला मुद्दा, गणवेश घालून कुणी पोहतं का? दुसरा मुद्दा, माझी मावशी अगदी ह्याच मापाची आहे. तिला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात. आणि ही उडतेय!"

वर्ग बाकांवर हात आपटून हसला. बाईही हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या. मग त्यांनी टेबलावरचा लाकडी ठोकळा उचलला, लाल शाईत बुडवला आणि फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर दाणकन उमटवला. बनावट.

टाळ्या पडल्या. टाळ्या संपता संपता शेवटच्या बाकावरून आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ती माझी आई आहे."

त्या मुलीला वर्गात गुपचिळी म्हणायचे. अळीमिळी गुपचिळी, बोलेल त्याची दातखिळी, हा खेळ ती जन्मल्यापासून खेळत असावी, असा सगळ्यांचा समज. ती बोलली म्हणून वर्ग आधी दचकला आणि मग पुन्हा हसला. पोरांचं हसू असंच असतं, एकदा उताराला लागलं की मधे कोण उभं आहे ते बघत नाही. बाईंचं हसू मात्र पदरातच विरलं.

---

आता ह्या बाई इथे कशा आल्या ते सांगायला हवं.

बाई मुळात चित्रकलेच्या. आयुष्यभर त्यांनी पोरांना वाटी काढायला शिकवली, वाटीची सावली काढायला शिकवली, आणि सावलीत काळा रंग भरणाऱ्या पोरांच्या टाळक्यात टपला मारल्या. "सावली काळी नसते रे गाढवा, बघ जरा!" मग वर बसलेल्या कुणा शहाण्याने फतवा काढला. चित्रकलेचा तास बंद. त्याजागी डिजिटल साक्षरता. पोरांना मोबाइलवरचं खरं-खोटं कळलं पाहिजे. कळलं पाहिजे, कबूल. पण डोळ्यांचा तास बंद करून बघायला शिकवायचं ही अक्कल कुठल्या झाडाला लागते, ते फतवा काढणाऱ्यालाच ठाऊक.

हा विषय घ्यायला कुणी तयार होईना. संगणकाचे सर म्हणाले, माझ्याकडे संगणक आहेत, साक्षरता नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. "बाई, तुमचा तास तसाही रिकामा झालाय. तुम्हीच घ्या." म्हणजे ज्याचं घर पाडलं त्यालाच विटा उचलायला सांगायच्या.

बाईंनी उचलल्या. पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक वाचलं. 'माहितीचा स्वीकार करताना स्रोताची विश्वासार्हता पडताळून पाहावी.' पोरं झोपली. बाईही झोपल्या असत्या, पण त्या उभ्या होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, पर्समधून मोबाइल काढला, आणि दिराने पाठवलेला एक फोटो दाखवला: बाजारपेठेत फिरणारा वाघ. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सावली कुठंय?"

वाघाला सावलीच नव्हती. वर्ग जागा झाला.

तेव्हापासून तो तास म्हणजे पोरांचा सण. दाराशी एक खोकं ठेवलेलं. ज्याला जे सापडेल, ते छापून त्यात टाकायचं, नाव न लिहिता. बाई एकेक फोटो फळ्यावर लावणार आणि वर्ग त्याचा पंचनामा करणार. हे आलं कुठून? पहिल्यांदा टाकलं कुणी? कधीचं आहे? कापलंय काय? आणि सावली कुठंय? बाईंनी घरी बसून लाकडाच्या ठोकळ्यांवर दोन शिक्के कोरले. लाल शाईचा बनावट आणि हिरव्या शाईचा खरं. पोरं त्यांना सावलीबाई म्हणायला लागली आणि बाईंना ते मनातून फार आवडलं. वाटीची सावली गेली, पण सावली परत आली. मागच्या दाराने का होईना.

एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. लाल शिक्क्याची गादी सारखी भरावी लागायची. हिरव्याची कधी उघडलीच नव्हती. पोरांना खोटं पकडायची अशी चटक लागली होती की खरं कुणी आणेना. आणलं तरी त्यात मजा ती काय?

गुपचिळीने आणलं होतं.

---

तास सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"खरंच आई आहे?"

मान हलली.

"अगं मग आधी नाही का सांगायचं?"

"तुमचाच नियम आहे, बाई. नाव सांगायचं नाही." गुपचिळीने दप्तराचा पट्टा मुठीत पिळला. "मला वाटलं तुम्हाला कळेल. तुम्हाला सावलीतलं कळतं ना."

ह्यापेक्षा तिने एक थोबाडीत मारली असती तर बाईंना कमी लागलं असतं.

"बरं, मग आईला घेऊन ये. सगळ्यांसमोर सांगू दे."

"नको!" आता ती पहिल्यांदा ओरडली. "आई तलावावर कामाला आहे. कामवाल्यांनी पाण्यात उतरायचं नाही, असा फलकच आहे तिथं. ती सफाईच्या दिवशी, कुणी नसताना उडी मारते, तेव्हाच मी फोटो काढला. कळलं तर काढून टाकतील तिला. तुम्ही कुणाला सांगू नका. असू दे बनावट."

असू दे बनावट, असं म्हणून ती गेली. पुढच्या पंचनाम्याला ती खिडकीबाहेर बघत बसली. त्याच्या पुढच्याही. बाईंनी विचारलं, "सावली कुठंय?" वर्ग ओरडला, आणि बाईंना तो आवाज पहिल्यांदाच कर्कश वाटला.

कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. हे बाईंना कळत होतं. इतकी वर्षं पोरांची तोंडं उगाच नाही बघितली. पण दोन सावल्याही खोटं बोलत नव्हत्या. दोघांतलं कोण खोटं? बाईंना भाजीला फोडणी देताना तेच, केस विंचरताना तेच.

उत्तर सापडलं ते नवऱ्याच्या दाढीत.

सकाळची वेळ. बाईंचे यजमान स्वयंपाकघराच्या खिडकीशी हातातला आरसा डबीला टेकवून दाढी करत होते. बाई समोर चहा करत होत्या. ओट्यावर कपाची सावली पडली होती, भिंतीकडे. आणि दुसरी, पुसट, खिडकीकडे.

"अहो, हलू नका!"

यजमान दचकले. हनुवटीवर लाल रेघ उमटली.

"अगं, गळा कापला असता माझा!"

"आरसा हलवा. नको, नको, तसाच धरा! आता थोडा वर. बघा! बघा, गेली! आता खाली. आली!" बाई ओट्याभोवती अशा नाचत होत्या की चहा उतू जाऊन शेगडी विझली. "एका सूर्याच्या दोन सावल्या पडतात, अहो! आरसा असला की पडतात!"

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे एवढं निरखून बघितलंस," यजमान तुरटी शोधत म्हणाले, "तर ते आरशासाठी."

बाईंनी त्यांच्या फेसाळ गालाची पापी घेतली आणि नाकाला फेस लावूनच पर्स उचलली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आणि तलावाची सफाई.

---

"तिकीट नाही आज. बंद आहे," आतून आवाज आला.

"मला पोहायचं नाहीये. मी तुमच्या मुलीची..."

दार धाडकन उघडलं. निळा गणवेश, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, हातात लांब दांड्याचा ब्रश. "सावलीबाई! या, या. चपला बाहेर काढा हां, फरशी आत्ताच घासलीय."

हीच बाई तिकीटखिडकीत बसायची, हीच फरशी घासायची, पाण्यावरची पानं-केस जाळीने हीच काढायची. अशा तिघी होत्या, तिघींचा गणवेश एकच. आळीपाळीने सगळं करायच्या. आणि त्यांच्या डोक्यावर एक व्यवस्थापक होता. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नाव शिट्टी. स्वतःला पोहता येत नाही, पण वाजवायचा जोरात. फलक त्यानेच लावला होता, जाड अक्षरात: कर्मचाऱ्यांनी पाण्यात उतरू नये. म्हणजे पाणी ह्या बायांनी स्वच्छ करायचं, पाण्यात कुणी ओकलं तर ह्यांनी काढायचं, पण पाणी ह्यांचं नाही. असले फलक लावणाऱ्याला त्याच पाण्यात ढकलावं आणि मग शिट्टी वाजव म्हणावं.

"मला माफ करा, ताई," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला बनावट ठरवलं. वर हसले."

"अहो, मला पोरीने सांगितलं तेव्हा हसून हसून बादली लवंडली माझी! बनावट म्हणे! एवढा सगळा ऐवज कुणी उगाच बनवेल का हो?" तिने स्वतःच्या कमरेवर थाप मारली. मग आवाज खाली आला. "पोरीला मात्र लागलं. धड जेवत नाही. तिला काय हवं होतं, माहितीये? हिरवा शिक्का. म्हणाली, आई, अख्ख्या वर्गात कुणालाच अजून मिळाला नाही. तुझ्यावर मारून आणते."

 बाईंनी मान वळवली, आणि मान वळवल्यावर त्यांना तलावापलीकडे ती दिसली. विम्याच्या कंपनीची नवी इमारत, वरपासून खालपर्यंत काचेची, आरशासारखी. सकाळचं तिरपं ऊन तिच्यावर आपटून तलावावर परत येत होतं. बाईंनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. दोन सावल्या. ब्रशच्या दोन. बादलीच्या दोन. पायऱ्यांवर रबरी कडं घेऊन, आई बुडालीच तर फेकायला म्हणून, गुपचिळी बसली होती. तिच्याही दोन.

"तुम्हाला शिकवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"कुणी कशाला शिकवेल? शिकवणारे सर काठावरून पोरांवर ओरडायचे. हनुवटी आत! गुडघे जुळव! बोटं ताण! पोरांच्या कानात पाणी, त्यांना काय ऐकू जातंय. मला ऐकू जायचं. मी फरशी घासता घासता हनुवटी आत घ्यायचे. एक दिवस म्हटलं, एवढं सगळं पाठ झालंय तर परीक्षा देऊन टाकू."

"आणि?"

"आणि पोटावर आपटले! कितीतरी दिवस हसताना दुखायचं. आणि हसू तर सारखं यायचं."

बोलता बोलता ती शिडी चढायला लागली होती. जड माणसं चढतात तशी, एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून, धापा टाकत. वर पोचली. फळीच्या टोकाला आली. आणि टोकाला आल्यावर ती जड राहिलीच नाही. हनुवटी आत गेली, हात वर गेले, आणि खालच्या पांढऱ्या फरशीवरून दोन सावल्या दोन बाजूंनी पाखरांसारख्या सरकल्या.

पाणी जेमतेम उडालं. ती वर आली, केस मागे सारले आणि ओरडली, "बूट घालून मारू का एकदा? तुमच्या वकिलासाठी?"

बाई काठावर टाळ्या वाजवत होत्या. साडी घोट्यापर्यंत भिजली होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

निघताना बाईंनी मुद्द्याला हात घातला. "चूक मी वर्गात केली, ताई. दुरुस्त कुठं करू? तुमच्या कानात?"

आईने पोरीकडे बघितलं. पोरगी पाण्याकडे बघत होती. आईने केस पिळले, पुन्हा पिळले.

"पोरांना सांगा," शेवटी ती म्हणाली. "पोरं खिडकीशी आली की मला मावशी म्हणतात. मोठ्यांना नको. मोठी माणसं मला काहीच म्हणत नाहीत."

---

पुढच्या तासाला बाईंनी खिडक्या लावल्या, टेबलावर दिवा ठेवला, दिव्यापुढे वाटी ठेवली. वह्या काढायला लावल्या आणि म्हणाल्या, "काढा."

"काय, बाई?"

"वाटी. आणि सावली. आणि जो काळा रंग भरेल त्याला टप्पल."

मुख्याध्यापक दारावरून चालले होते, ते थबकले. "बाई, हा डिजिटलचा तास ना? पोरं वाट्या काय काढतायत?"

"सर, हेच डिजिटल."

"बरं, बरं," म्हणून ते गेले. डिजिटल शब्दाची हीच गंमत आहे, तो उच्चारला की वरच्या माणसांचे प्रश्न संपतात.

मग बाईंनी यजमानांचा दाढीचा आरसा काढला आणि वाटीच्या पलीकडे धरला. वाटीला दुसरी सावली फुटली. वर्गात आधी 'हां' झालं, मग कुजबुज झाली, आणि मग एकेक मान मागे वळायला लागली, शेवटच्या बाकाकडे.

"तलावासमोर काचेची इमारत आहे," बाई म्हणाल्या. "मी जाऊन बघितलं. जायला आधी हवं होतं. तुम्हाला शिकवते, जागेवर जाऊन बघा, आणि स्वतः इथं बसून शिक्का मारला. चुकले मी. फोटो खरा आहे. बाई खरी आहे. उडी मी ह्या डोळ्यांनी बघितली. आणि ही गोष्ट ह्या भिंतींच्या बाहेर गेली तर त्या बाईची नोकरी जाईल."

वकील उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पहिल्यांदाच त्याच्याकडे मुद्दा नव्हता. "सॉरी," तो मागे वळून म्हणाला. "माझ्या मावशीला पण सांगतो. म्हणजे, नाही सांगत! पण तिला पोहायला पाठवतो."

गुपचिळी हसली. तिला खळी पडते, हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

बाईंनी कपाटातून हिरवा शिक्का काढला. गादी उघडली. ती वाळून तिला भेगा गेल्या होत्या. बाईंनी पाणी शिंपडलं, घासली, पुन्हा शिंपडलं. हिरवा थेंब म्हणून निघेना. तेव्हा त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, लाल शिक्क्याच्या शेजारी कोरडाच ठोकळा टेकवला आणि दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, टाचा उचलून दाबला. उचलला तेव्हा कागदावर रंग नव्हता. नुसता खळगा होता. अक्षरांचा.

"दिसत नाही, बाई," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"तिरकं धर. उजेडाकडे."

चष्मेवालीने धरला. "दिसतंय! खळग्यात सावली पडली की दिसतंय!"

फोटो हातोहात फिरला. प्रत्येकाने तिरका धरला. फिरत फिरत तो शेवटच्या बाकावर पोचला, आणि नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली.

मुख्याध्यापक होते. त्यांच्या मागे एक गृहस्थ. गळ्यात शिट्टी.

---

"बाई, हे तलावाचे व्यवस्थापक. ह्यांचं काहीतरी म्हणणं आहे."

शिट्टीने मोबाइल पुढे धरला. तोच फोटो. पण खालची पांढरी पट्टी छाटलेली, शिक्क्यासकट. आणि वर लिहिलेलं: 'तलावावर दोन सावल्यांची बाई! अंधार पडायच्या आत पोरांना घरी आणा. सगळ्यांना पाठवा.'

वकिलाने डोकं बाकात घातलं. फळ्यावरचा फोटो मोबाइलने टिपून त्यानेच पाठवला होता, त्या पहिल्या दिवशी, मामाला, गंमत म्हणून, शिक्क्यासकट. मामाने पुढे ढकलला, पुढच्याने त्याच्या पुढे, आणि वाटेत कुणीतरी पट्टी उडवून भूत बसवलं होतं. गावभरच्या थापा पकडणाऱ्या वर्गाने गावाला एक नवी कोरी थाप पुरवली होती.

"पालक पोरांना पाठवेनात," शिट्टी म्हणाला. "मी भुताखेतावर विश्वास ठेवत नाही. पण गणवेश आमचा आहे! आता बाई, एकच सांगा. लोक म्हणतात हे तुमच्या वर्गातून निघालं. फोटो खोटा असेल तर प्रश्न मिटला. खरा असेल तर आमच्या तिघींपैकीच एक आहे, आणि मग तिची खैर नाही. खरा का खोटा?"

 खोटा म्हणावं, तर आत्ता कुठे खळी पडलेल्या त्या पोरीच्या तोंडावर दुसऱ्यांदा तोच शिक्का. खरा म्हणावं, तर तिच्या घरची चूल. आणि समोर अख्खा वर्ग, ज्याला ह्याच बाईने शिकवलं, खऱ्याला खरं म्हणा.

"तसं आहे की..." बाईंनी सुरुवात केली.

"सर, हा तुम्हाला कुणी पाठवला?"

गुपचिळी उभी होती.

"मला? मेहुण्याने."

"त्यांना कुणी पाठवला?"

"त्याच्या ऑफिसात... कुणीतरी असेल."

"पहिल्यांदा कुणी टाकला?" चष्मेवाली उठली.

"ते मी कसं सांगू?"

"कधीचा आहे, सर?" खिडकीकडून.

"कुठल्या तलावाचा?" दाराकडून. "गणवेश निळा म्हणजे तुमचाच कशावरून? आमच्या सोसायटीचा वॉचमन पण निळाच घालतो."

"आणि कापलंय काय, सर?" वकिलाने बाकातून डोकं वर काढलं. त्याला मुद्दा सापडला होता. "फोटोतून काय कापलंय, ते बघितलंत का?"

"कापलंय?" शिट्टीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "कुठं कापलंय?"

गुपचिळी बाकांमधून पुढे आली. तिने फोटो त्याच्यापुढे धरला, सरळ, उजेडाला पाठ करून.

"हा मूळ फोटो, सर. ह्याच्यावर शिक्का आहे. वाचा."

शिट्टीने वाचलं. मोठ्याने वाचलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं जसं फक्त शिक्क्यांवर जगणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पसरतं. "बनावट! अहो, मग झालं की! मी म्हणतच होतो, आमच्या बाया कसल्या उडतायत! हा मी नेऊ का? तिकीटखिडकीतच लावतो, लोकांना कळू दे."

बाईंनी गुपचिळीकडे बघितलं. ह्या वेळी बाई काहीच ठरवणार नव्हत्या.

"न्या," गुपचिळी म्हणाली. "पण काचेच्या आत लावा, सर. भिजायला नको."

दार बंद झालं. पावलं दूर गेली. मग जो काही हशा फुटला, त्याला गणिताच्या सरांचं डस्टर पुरलं नाही. ते स्वतः बघायला आले.

हसू ओसरल्यावर वकिलाने हात वर केला. "बाई, आपण खोटं बोललो का?"

"आपण प्रश्न विचारले."

"पण त्यांना खरं कळलं नाही."

"त्यांनी शोधलं कुठं? शिक्का वाचला आणि निघाले."

"तरी पण, बाई..."

बाई खुर्चीत बसल्या. "तरी पण आहेच," त्या म्हणाल्या. "ते पुस्तकात नाही रे. मलाही नीट माहीत नाही. घरी जाऊन विचार कर, मीही करते. आणि मामाला काय पाठवायचं ह्याचाही कर."

---

परीक्षा संपल्यावर बाई एका सकाळी तलावावर गेल्या. यजमानांना पोहायचं होतं, निदान ते तसं म्हणत होते. तिकिटाला रांग होती. भूत पळालं होतं आणि पोरं परत आली होती.

खिडकीत निळ्या गणवेशातली भरलेली बाई तिकिटं फाडत होती. तिच्या डोक्यावर, काचेच्या आत, फोटो लावलेला. शिट्टीने त्याला चौकटही केली होती.

"काय हो हे," रांगेतला एकजण हसत म्हणाला, "कुणी बनवलंय? हत्तीण उडवलीय नुसती!"

"शाळेतल्या पोरांनी," खिडकीतली बाई म्हणाली आणि त्याच्याबरोबर हसली. "हुशार आहेत हो पोरं. किती तिकिटं?"

बाईंच्या पुढे चष्मेवाली होती, तिच्या पुढे वकील, आणि त्याने खरोखरच मावशीला आणलं होतं. मावशी फोटो बघून पोट धरून हसली. वकिलाने तोंड उघडलं.  वकिलाने तोंड मिटलं, चवड्यांवर उंच झाला आणि म्हणाला, "मावशी, दोन द्या." खिडकीतल्या मावशीने दोन दिली. अख्खा वर्ग ह्या खिडकीवरून येत-जात होता आणि त्यातलं एक पोर कुठे एक शब्द बोललं नव्हतं.

बाईंचा नंबर आला. तेवढ्यात समोरच्या काचेच्या इमारतीवर ऊन चढलं आणि आडवं होऊन खिडकीत शिरलं. चौकटीवरून सरकत ते फोटोच्या खालच्या पट्टीवर आलं. लाल अक्षरं उजेडात पुसट झाली. त्यांच्या शेजारी, कागदाच्या कोऱ्या जागेत, अक्षरांच्या खळग्यांत बारीक सावल्या भरल्या.

रांगेतल्या कुणी वर बघितलं नाही.

खिडकीतल्या बाईने बघितलं. मग बाईंकडे बघितलं, हनुवटी जराशी आत घेतली, आणि तिकीट फाडून पुढे सरकवलं.